सुटी सिगारेट, शाळकरी पोर आणि कायदा

एस. टी. स्टँडवर उतरा, हमरस्त्यावरच्या फाट्यावर थांबा नाहीतर आठवडे बाजारात चक्कर मारा. पानटपरीचे चित्र सगळीकडे एकच दिसते. वर पुड्यांच्या माळा लोंबत असतात. पुढे गोळ्या-बिस्किटांच्या बरण्या, त्यांच्याशेजारी सिगारेटचे उघडे पाकीट आणि खांबाला दोरीने बांधलेला लायटर. गिऱ्हाईक येते, एक बोट वर करते. टपरीवाला पाकिटातून एक सिगारेट काढून देतो. दहा-वीस रुपयांचा व्यवहार. त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही.

हा व्यवहार महाराष्ट्रात बेकायदा आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाने अधिसूचना काढून सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकण्यास मनाई केली. त्या वेळी कोरोनाची लाट होती. मास्क, खाटा आणि ऑक्सिजन याशिवाय दुसरा विषय नव्हता. त्या गदारोळात ही बातमी आली आणि विरूनही गेली. भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) या आपल्या दोन तालुक्यांत ही बंदी माहीत असलेला माणूस शोधावाच लागेल. दवाखान्यात मी सहज म्हणून विचारतो, तेव्हा दहातले नऊ जण म्हणतात, "असं काही असतं का डॉक्टर?"

असते. आणि माझ्या मते तंबाखूविषयी आजवर जेवढे नियम झाले, त्यांत शाळकरी मुलांच्या दृष्टीने सर्वांत कामाचा नियम हाच आहे. तो का, हे आज पाहू.

पाकिटाचे तीन पहारेकरी

सिगारेटचे पाकीट हे नुसते वेष्टन नाही. त्यावर तीन पहारेकरी बसवलेले आहेत.

पहिला पहारेकरी म्हणजे किंमत. आठवीतल्या मुलाच्या खिशात दहा-वीस रुपये असतात, पाकिटाचे शे-दोनशे नसतात. त्याला अख्खे पाकीटच घ्यावे लागले, तर बहुतेक वेळा तो विचार तिथेच संपतो.

दुसरा पहारेकरी म्हणजे चित्र. १९७५ च्या कायद्याने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापणे सक्तीचे झाले. पण ती बारीक अक्षरे कोण वाचणार? १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा चित्र आणि इशाऱ्याने व्यापलेला असलाच पाहिजे, असा नियम लागू झाला. ज्याला अक्षर येत नाही, त्यालाही ते सडलेले तोंड पाहून अर्थ कळतो.

तिसरा पहारेकरी म्हणजे फोन नंबर. १ सप्टेंबर २०१८ पासून व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी मोफत मदतीचा क्रमांक पाकिटावर येऊ लागला.

आता पाकीट फोडून एकच सिगारेट हातात दिली, की तिन्ही पहारेकरी टपरीवाल्याच्या बरणीशेजारीच राहिले. मुलाच्या हातात आली ती पांढरी, स्वच्छ, निरागस दिसणारी नळी. राज्य सरकारने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी घातली ती नेमक्या याच कारणाने. इशाऱ्याशिवाय तंबाखूचा माल विकता येत नाही, आणि सुट्या सिगारेटवर इशारा नसतो.

तिघांत एक

वेल्ह्याच्या बाजूच्या एका गावातली आई आपल्या पंधरा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आली होती. "डॉक्टरसाहेब, लई दिवस खोकतंय पोर. रातचा झोपत न्हाय." दोन आठवड्यांवर गेलेला खोकला म्हटला की आम्हाला आधी क्षयाची शंका घ्यावी लागते. थुंकीची तपासणी करून घेतली, छातीचा फोटो काढला. सुदैवाने दोन्ही ठीक निघाले. मग आईला बाहेर बसवून मुलाशी बोललो. आधी तो जमिनीकडे बघत बसला. नंतर हळूच म्हणाला, "तिघांत एक ओढतो डॉक्टर. शाळा सुटल्यावर, एस. टी. येईपर्यंत."

एक सिगारेट, तीन मुले. प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा रुपये. वर तोंडाला वास येऊ नये म्हणून बडीशेप. हे आठ महिने चालले होते आणि घरात कुणाला पत्ता नव्हता.

मी विचारले, "टपरीवाला तुला देतो कशी? तुझं वय विचारत नाही?" त्यावर तो जे बोलला ते प्रत्येक घराने ऐकण्यासारखे आहे. "ते वळखतात मला. आबांची बिडी मीच आणतो ना लहानपणापास्नं."

आजोबांनी नातवाला बिडी आणायला पाठवणे, आजीने नातीला मिश्रीसाठी तंबाखूची पुडी आणायला पिटाळणे, पाहुणे आले की बापाने "जा रे, दोन सिगारेटी घेऊन ये" म्हणणे, हे आपल्याकडे इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही चूक आहे असे मनातही येत नाही. पण टपरीची वाट त्या पोराला कुणी दाखवली? टपरीवाल्याची ओळख कुणी करून दिली? व्यसन नंतर लागते. वाट आधी पडते, आणि ती बहुधा घराच्या उंबऱ्यापासून सुरू होते.

कायदा काय म्हणतो

केंद्र सरकारने २००३ मध्ये सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य पदार्थांविषयीचा कायदा केला. त्याला थोडक्यात 'कोटपा' म्हणतात. त्याच्या सहाव्या कलमात दोन गोष्टी आहेत. अठरा वर्षांखालील कुणालाही तंबाखूचा कोणताही पदार्थ विकायचा नाही, आणि शिक्षणसंस्थेपासून १०० यार्डांच्या आत तो कुणालाच विकायचा नाही. १०० यार्ड म्हणजे ३०० फूट, साधारण ९१ मीटर. हे अंतर शाळेच्या फाटकापासून नव्हे, तर कुंपणाच्या भिंतीपासून चहूबाजूंनी मोजायचे असते. शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून उभी असलेली टपरी "फाटक तिकडे आहे" म्हणून सुटू शकत नाही.

इथे 'तंबाखूचा कोणताही पदार्थ' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सिगारेट, बिडी, चुन्याबरोबर मळायची तंबाखू, मिश्री, सगळे त्यात आले. आणि मूल स्वतःसाठी घेते की आजोबांसाठी, असा फरक कायदा करत नाही. घेणारा अठरा वर्षांखालचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर आहे. दुकानात ६० सेंटिमीटर बाय ३० सेंटिमीटरचा फलक हवा आणि त्यावर अठरा वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकणे हा दंडनीय अपराध असल्याचे लिहिलेले हवे. २०११ च्या दुरुस्तीने आणखी एक भर पडली. अठरा वर्षांखालच्या मुलाकडून तंबाखूचा माल विकवूनही घ्यायचा नाही. बाप जेवायला गेला आणि सातवीतले पोर गल्ल्यावर बसले, हे चित्र आपण रोज पाहतो. तेही नियमबाह्य आहे.

आता शिक्षा. सहाव्या कलमाच्या भंगासाठी दंड आहे जास्तीत जास्त २०० रुपये. हा आकडा २००३ चा आहे. तेव्हाही तो थोडाच होता, आज तर त्याची कुणाला पर्वा नाही. पण दुसऱ्या बाजूला बालन्याय कायदा, २०१५ आहे. त्याच्या ७७ व्या कलमानुसार मुलाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. एकाच कृत्याला एका कायद्यात २०० रुपये आणि दुसऱ्या कायद्यात सात वर्षे. टपरीवाल्याला पहिले ऐकून ठाऊक असते, दुसरे कुणी सांगितलेलेच नसते. इशारा न छापलेला तंबाखूचा माल विकणाऱ्याला कोटपाच्या विसाव्या कलमाखाली पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

"दिवसाला एकच ओढतो"

हे वाक्य मी रोज ऐकतो. ते म्हणणाऱ्याचा हिशेब असा असतो, की वीस ओढणाऱ्याला जेवढा धोका, त्याच्या विसावा हिस्सा मला. शरीराचा हिशेब तसा नाही. २०१८ मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात अनेक देशांतील पाहण्यांचा एकत्र निष्कर्ष प्रसिद्ध झाला. दिवसाला वीस सिगारेटी ओढल्याने हृदयविकार आणि पक्षाघाताचा जो जादा धोका निर्माण होतो, त्यातला जवळजवळ निम्मा धोका दिवसाला एकच ओढणाऱ्यालाही असतो, असे त्यातून दिसले. रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराला थोडा धूरही पुरतो.

दुसरी गोष्ट व्यसनाची. धुरातले निकोटिन काही सेकंदांत मेंदूत पोचते. वाढत्या वयातला मेंदू त्याला लवकर सरावतो. याच २०१८ साली ब्रिटन, अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या दोन लाखांहून अधिक लोकांच्या पाहण्यांचा आढावा घेतला गेला. ज्यांनी एकदा सिगारेट ओढून पाहिली, त्यांतले सुमारे दोन तृतीयांश लोक पुढे निदान काही काळ तरी रोज ओढू लागले होते. म्हणजे 'नुसती चव बघितली' म्हणणाऱ्या तीन मुलांपैकी दोघांची गोष्ट चवीवर थांबत नाही. आता आठवा ते तिघांत एक सिगारेट ओढणारे मित्र.

तिसरी गोष्ट आपल्या भागासाठी फार महत्त्वाची. धूम्रपान करणाऱ्याला क्षय होण्याचा धोका न करणाऱ्याच्या सुमारे अडीच पट असतो. भिंतीला ओल, घरात चुलीचा धूर आणि त्यात बिडी-सिगारेट, अशी स्थिती असली की फुप्फुसाने करायचे तरी काय?

टपरीवाल्याची बाजू

हे सगळे लिहिताना टपरीवाल्याला खलनायक ठरवण्याचा माझा हेतू नाही. त्यातले कित्येक माझे रुग्ण आहेत. एकाला मी या बंदीबद्दल सांगितले, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "डॉक्टरसाहेब, मी सुटी बंद केली तर गिऱ्हाईक समोरच्याकडे जाईल. सिगारेटबरोबर चहा, बिस्किट, सगळंच जाईल. माझ्या एकट्याच्या बंद करण्यानं कोण वाचणार?"

त्याचे म्हणणे खोटे नाही. एकट्याने पाळलेला नियम एकट्यालाच महागात पडतो. म्हणून हा प्रश्न एका दुकानाचा नसून सगळ्या बाजारपेठेचा आहे. सगळ्यांनी एकाच दिवशी बंद केले तर कुणाचेच गिऱ्हाईक पळत नाही. ज्याला ओढायचीच आहे असा मोठा माणूस पाकीट घेईल. ज्याला पाकीट परवडत नाही ते पोर घरी जाईल. आपल्याला नेमके तेच हवे आहे.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. या नियमाची मर्यादा मोठी आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखूचे सेवन करणारे आढळले. पण त्यात धूम्रपान करणारे फक्त ३.८ टक्के होते. तंबाखू खाणारे, मळणारे, मिश्री लावणारे होते २४.४ टक्के. सुट्या विक्रीवरची बंदी या मोठ्या गटाला शिवतही नाही, कारण पुडी मुळातच स्वस्त असते आणि मिश्री तर घरच्या तव्यावर भाजली जाते. बिडीचे बंडलही सिगारेटच्या मानाने स्वस्त. तिथे अठरा वर्षांची अट आणि घरातली शिस्त हेच दोन उपाय उरतात.

गुटख्याचा धडा

कायदा नुसता कागदावर राहिला तर काय होते, हे गुटख्याने आपल्याला शिकवले आहे. महाराष्ट्राने २००२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. पुढे २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आणि त्याखालचे २०११ चे नियम आले. खाद्यपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन मिसळता येणार नाही, असे त्यांत स्पष्ट झाले. त्या आधारावर जुलै २०१२ मध्ये राज्याने पुन्हा बंदी आणली आणि ती वर्षावर्षाने वाढवली जाऊ लागली.

व्यापाऱ्यांनी काय केले? एका पुडीच्या दोन पुड्या केल्या. एकीत पानमसाला, दुसरीत तंबाखू. गिऱ्हाईक त्या तळहातावर एकत्र करते आणि तोंडात टाकते. ज्या तोंडात पूर्वी तीन बोटे सहज जायची त्यात एकही जाईना, तिखट भाजी लागली की डोळ्यांतून पाणी येते, अशी विशी-पंचविशीतली मुले आम्हा डॉक्टरांना आजही भेटतात. कायद्याला पळवाट सापडते ती गावाचे लक्ष नसते तेव्हा. सुट्या सिगारेटचे असे होऊ द्यायचे नसेल, तर गावाने लक्ष घातले पाहिजे.

खिशातले नवे पाहुणे

सिगारेटचा एक नवा अवतारही आपल्या दारात आला आहे. राजगड-तोरण्याला सुट्टीच्या दिवशी शहरातून तरुणांचे जथे येतात. त्यांतल्या काहींच्या हातात पेनासारखी किंवा पेनड्राइव्हसारखी एक वस्तू असते. तिलाच ई-सिगारेट किंवा व्हेप म्हणतात. तंबाखू जळत नाही, राख पडत नाही, फळांचा गोड वास येतो. म्हणून ती निरुपद्रवी वाटते. पण आतल्या द्रवात बहुधा निकोटिनच असते.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढून आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा करून देशभर ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात यांवर बंदी घातली. पहिल्या अपराधाला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड आहे. पुण्याला कॉलेजात शिकणाऱ्या मुलाच्या दप्तरात असे 'पेन' दिसले तर आईवडिलांनी ओळखावे, आणि आरडाओरडा न करता त्याच्याशी बोलावे.

आपल्या हातात काय आहे

घरापासून सुरुवात करा. आजपासून मुलाला बिडी, सिगारेट, तंबाखू, मिश्री यांपैकी काहीही आणायला पाठवू नका. ज्याला हवे त्याने स्वतः उठावे. आजोबांचे गुडघे दुखत असतील तर तेवढीच एखादी बिडी कमी होईल.

शाळेने एक दोरी घ्यावी आणि कुंपणापासून ३०० फूट मोजून रस्त्यावर पिवळी रेघ मारावी. हे काम मुलांनाच करू द्या, ती ते आवडीने करतात. शाळेच्या दर्शनी भागात तंबाखूविक्रीच्या मनाईचा फलक लावणे हाही नियमच आहे.

ग्रामसभेत हा विषय घ्या. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या सभेत गावातल्या सगळ्या दुकानदारांना बोलवा, त्यांची बाजू ऐका आणि सुटी विक्री एकाच दिवसापासून सर्वांनी बंद करण्याचा ठराव करा. दमदाटीने होत नाही ते बऱ्याचदा शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर दिलेल्या शब्दाने होते. तरीही कुणी शाळकरी मुलांना विकत राहिलाच, तर फौजदार किंवा त्यावरचा पोलीस अधिकारी दुकानाची तपासणी करू शकतो. अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्यांनाही तो अधिकार आहे. शेजारच्या कर्नाटकाने तर २०२५ मध्ये कायदा दुरुस्त करून वयाची अट अठरावरून एकवीसवर नेली आणि सुट्या विक्रीला कायद्यातच मनाई केली. आपण निदान आहे ती अट पाळून दाखवू.

आणि ज्यांना सोडायचे आहे, त्यांच्यासाठी. १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे. सोमवार सोडून सकाळी आठ ते रात्री आठपर्यंत तिथे समुपदेशक बोलतात, मराठीतही बोलता येते. सोडण्याचा दिवस ठरवून घरात सगळ्यांना सांगा. तलफ येते ती काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, दोन लवंगा चघळा, चार पावले चालून या. पहिले दोन-तीन आठवडे चिडचिड होते, झोप उडते. पुढे ते कमी होत जाते. निकोटिनची च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळते, पण किती आणि कशी घ्यायची हे डॉक्टरांना विचारून ठरवा. एकदा सुटून पुन्हा सुरू झाली तर लाजू नका, पुन्हा या. बहुतेकांची दोन-चार खेपांनंतरच कायमची सुटते.

त्या पंधरा वर्षांच्या मुलाने सोडली का, असे वाचक विचारतील. त्याचा खोकला गेला आहे. त्याच्या आईने आबांना सांगून टाकले, की बिडी आणायला पोर जाणार नाही. आबा पंधरा दिवस रुसले होते म्हणतात. आता टपरीवर स्वतः काठी टेकत जातात. मुलाचे मित्र मात्र अजून त्याच स्टॉपवर एस. टी.ची वाट बघतात, आणि टपरीवर पाकीट उघडेच असते. तेव्हा या आठवड्यात एवढे करा. आपल्या गावातल्या शाळेजवळच्या टपरीपर्यंत चालत जा आणि तिथे तो फलक आहे का, ते बघा. नसेल तर मालकाला पुढच्या ग्रामसभेचे आमंत्रण देऊन या.